झरीचे टाळ

६ ऑगस्ट १९५६, परभणी

दिनकररावांनी हुकूम सोडला म्हणून आजपासून रोजनिशी. दिनकरराव म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे संपादक, मालक आणि वेळ पडली तर खिळे जुळवणारेही. मी त्यांच्याकडे मुद्रितं तपासतो. पण मला लिहायचं आहे गाण्यावर, हे मी इतक्या वेळा बोलून दाखवलं की शेवटी ते वैतागले. म्हणाले, "बन्सीधर, आधी हात वाहता ठेव. रोज लिही. काही घडलं नाही तर घडलं नाही असं लिही."

मग विडा लावता लावता त्यांनी मला शहाणपण शिकवलं. गाण्यावर लिहिणाऱ्याला कानापेक्षा बूड जास्त लागतं, शेवटपर्यंत टेकून बसता आलं पाहिजे. गवयाच्या पंगतीला आधी जेवू नये. नातंगोतं चपलेबरोबर दाराबाहेर काढून ठेवावं. आणि जे ऐकलं नाही ते लिहू नये. मी म्हटलं, हे सगळं माझ्याजवळ आहे. ते म्हणाले, "बूड तरी आहे, हे दिसतंय."

औरंगाबादच्या एका दैनिकाला मराठवाड्यातल्या गाण्याबजावण्यावर लिहिणारा माणूस हवा आहे. तिथले संपादक दिनकररावांचे स्नेही. माझे लेख आमच्याकडे छापून आले की ते तिकडे पाठवणार. लागलो तर मी मराठवाड्यातला पहिलाच असा माणूस ठरेन. आमच्या शाळेत सगळं उर्दूत होतं, मराठी मी पोलीस ॲक्शननंतर घटवली. अजून माझ्या लेखात मुलाहिजा, लिहाज असले शब्द शिरतात आणि दिनकरराव ते उपटून काढतात.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही? लिहितो, ही वही कोण वाचतंय. माझ्या छातीत डाग निघाला आहे. उद्यापासून दवाखान्यात दिवसाआड सुई.

९ ऑगस्ट

सुई जिथे देतात तिथे फार वेळ बसवत नाही, एवढंच लिहितो.

डॉक्टर बरे वाटले. ओरडत नाहीत. म्हणाले, दहा वर्षांपूर्वी हे औषध नव्हतं, तेव्हा तुझ्या वयाची पोरं नुसती झिजून जायची. पुढे म्हणाले, "या सुईनं काहींच्या कानाला त्रास होतो. कानात आवाज आला, चक्कर आली, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कानाचं तुम्ही सोडा. मी गाण्यावर लिहितो." ते हसले. कंपाउंडर किशनरावही हसले आणि हसता हसता सुई मारली.

मी राहतो वच्छलाआत्याकडे. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. विधवा आहे, शिवणकाम करते. तिनं गल्लीत सांगून ठेवलंय की पोराला अशक्तपणा आहे. माझी कपबशी मात्र वेगळी केली. मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचीही वेगळी केली.

२५ ऑगस्ट

एका वकिलांच्या घरी बैठक झाली. गवई बाहेरगावचे, चांगले तयारीचे. शेवटपर्यंत बसलो, चहासुद्धा घेतला नाही. पण तंबोऱ्यात जीव नव्हता. चारी तारा लावलेल्या, पण जवारीची जी झणकार हवी ती कुठेच नाही, नुसता भुईवर काठी आपटल्यासारखा आवाज. मी तसंच लिहिलं. दिनकरराव त्या बैठकीला होते. लेख त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मला तर तंबोरा बरा वाटला बुवा." मी म्हटलं, तुम्ही पानदानाजवळ बसला होता. ते म्हणाले, "असेल. कान तुझा." आणि छापलं.

एक गंमत नोंदवून ठेवतो. गेले काही दिवस कानात एक बारीक सूर चालू असतो. सकाळी उठलो की असतो, निजतानाही असतो. मी पेटीवर मिळवून पाहिला तर वरच्या सप्तकातल्या पंचमाच्या जवळपास आहे. गाण्यावर लिहिणाऱ्याला फुकटचा तंबोरा मिळाला, आणखी काय पाहिजे! डॉक्टरांना हे सांगण्यासारखं नाही. त्रास म्हणाले होते ते, आणि मला त्रास काहीच नाही.

३ सप्टेंबर

यंदा चिमण्या कमी झाल्यात. आत्याच्या आढ्यात सकाळी कालवा असायचा, आता शांतता. आत्याला म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी चालताना तोल जातो. काल कोपऱ्यावरचा टांगेवाला म्हणाला, "बन्सीभाई, शिंदी कमी पीत जा." मी शिंदीला कधी तोंड लावलं नाही. पण क्षयापेक्षा शिंदी बरी म्हणून गप्प राहिलो.

१६ सप्टेंबर

आज माझी परीक्षा झाली आणि मी उतरलो असं वाटतं.

गणपतीच्या मांडवात झरीच्या मंडळाचं भजन होतं. झरी म्हणजे माझं गाव, आणि मंडळ म्हणजे आमचे आबा. लिंबाजी टाळकरी म्हटलं की चार गावं ओळखतात. आबा शेतात जितके बोलतात त्याच्या निम्मंही घरात बोलत नाहीत, पण हातात टाळ आला की माणूस फुलतो. लहानपणी त्यांच्या टाळानं माझ्या अंगावर काटा यायचा.

आज आला नाही. मी पुढे बसलो होतो. सुग्रीवकाकांचा मृदंग उत्तम, घुमारा थेट पोटात जात होता. म्हणणारेही ठीक. पण टाळकरी! दोन रांगा उभ्या, हात हलतायत, पावली चाललीय, आणि आवाज म्हणावा तर नाहीच. हात थकलेत की मन थकलंय, कळेना. मांडवातली माणसं डोलत होती. माणसं काय, मांडवात कशावरही डोलतात.

भजन झाल्यावर आबा माझ्याजवळ आले. "काय रे, बरा हायस का? सुई घ्यायलास का?" एवढंच. भजनाचं त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. ते बैलगाडीत बसेपर्यंत मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. मग दिनकररावांचं बोलणं आठवलं, नातं चपलेबरोबर बाहेर. घरी येऊन एकटाकी लिहून काढलं. "झरीच्या टाळकऱ्यांनी टाळ हाती धरले होते, वाजवले नाहीत." हे वाक्य उतरलं तेव्हा मला रडू आलं, आणि वाक्य चांगलं जमलं म्हणून आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

२७ सप्टेंबर

औरंगाबादहून निरोप आला. तंबोऱ्याचा लेख त्यांना ठीक वाटला, पण टाळांच्या लेखानं बाजी मारली. स्वतःच्या गावाच्या मंडळाचीही गय न करणारा असा माणूस आम्हाला हवा, म्हणतात. एक नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, त्या समारंभातल्या गाण्यावर मी लिहायचं आणि मग दैनिकात रुजू व्हायचं. दिनकररावांनी प्रेसमध्ये पेढे वाटले. मी आत्याच्या पाया पडलो. तिनं पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "दादाला कळलं का रं?" मी म्हटलं, आबांना कळेल.

कळलं, पण वेगळंच. इथल्या समारंभ समितीच्या माणिकरावांनी माझा लेख वाचला आणि एक नोव्हेंबरच्या कार्यक्रमातून झरीचं मंडळ काढून टाकलं. आबा त्या दिवसासाठी श्रावणापासून तालीम करत होते. निजामाच्या राज्यात रझाकारांच्या भीतीनं त्यांनी दोन वर्षं टाळ कडब्यात लपवून ठेवले होते. आता राज्यं बदलताना उघड्या मैदानात वाजवायचे म्हणून ते टाळ त्यांनी चिंच लावून घासून ठेवलेत.

मी खरं लिहिलं. मग मला चोरासारखं का वाटतंय?

७ ऑक्टोबर

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

आज बाजाराचा दिवस. मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासत होतो. दारात अंधार झाला म्हणून वर पाहिलं, तर झरीचं अख्खं मंडळ रस्त्यावर उभं. पुढे सुग्रीवकाका गळ्यात मृदंग अडकवून, मागे टाळकरी, त्यांच्यात आबा.

आमच्या झरीत एक रीत आहे. कुणी भजनाला नाव ठेवलं तर त्याच्याशी भांडायचं नाही. त्याच्या दारात जाऊन तेच भजन पुन्हा म्हणायचं, आणि नाव ठेवणाऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून ते शेवटपर्यंत ऐकायचं. त्यानंतर तो जे म्हणेल ते मंडळ मान्य करतं. मी लहानपणी ही रीत दोनदा पाहिली आहे. आपल्या दारात येईल असं वाटलं नव्हतं.

सुग्रीवकाका जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "बन्सी, आमाला काय वाचता येत न्हाई. पाटलाच्या पोरानं वाचून दावलं. तू लिहिलंस, टाळ वाजलेच न्हाईत. आमी भांडायला आलो न्हाई. हुबा ऱ्हा अन् ऐक. मंग काय लिहायचं ते लिही."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. मृदंगाची थाप पडली ती छातीत ऐकू आली. टाळकऱ्यांचे हात हलू लागले. बाजारातली माणसं जमली. मी बघत होतो, पितळ चमकतंय, हात एकमेकांवर येतायत, आणि आवाज नाही. मला वाटलं, हे माझी थट्टा करायलेत. टाळ भिडू न देता नुसते हात हलवायचे असं ठरवून आलेत. संताप आला. सगळ्या बाजारासमोर मी ओरडलो, "चेष्टा करता का? वाजवा ना!"

सगळे हात थांबले. मला वाटलं आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मागे वळून पाहिलं तर प्रेसमधले जुळारी दोन्ही कानांवर हात दाबून उभे होते. आमची प्रेस लहान, पत्र्याची. इतक्या टाळांचा गजर त्यांना सहन होत नव्हता.

आबा रांगेतून पुढे आले. माझ्या उजव्या कानाशी टाळ धरला आणि वाजवला. गालाला वारा लागला. डाव्या कानाशी वाजवला, तेव्हा कुठंतरी लांब वाकळेच्या आत काहीतरी खट्ट झालं. आबांनी विचारलं, "ऐकू आलं?"

मी म्हटलं, आलं.

आबा म्हणाले, "न्हाई आलं, बन्सी." त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी टाळ उपरण्यात गुंडाळले आणि माझा हात धरला. मंडळी तशीच उभी होती. मृदंगावर हात ठेवून सुग्रीवकाका रडत होते.

८ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."  सूर कधीपासून आहे विचारलं. मी ऑगस्ट म्हटलं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. बारीक आवाज आधी जातात म्हणाले. चिमण्या, टाळ, तंबोऱ्याची झणकार, बायकांचा आवाज. मग खालचे. गेलेलं परत येत नाही.

आबांनी विचारलं, सुई बंद केली तर? डॉक्टर म्हणाले, थुंकीत अजून जंतू आहेत. नुसत्या गोळ्या आणि पुडीवर ही छाती आवरेल असं मला वाटत नाही. चालू ठेवली तर? तर उरलेला कानही बहुधा जाईल.

मी म्हटलं, बंद करा. एक नोव्हेंबरपर्यंत तरी बंद करा. मला समारंभावर लिहायचंय, मला दैनिकात जागा मिळालीय, मला एवढं एकच येतं. मी किती मोठ्यानं बोलत होतो ते मला कळत नव्हतं. किशनराव दार लावायला उठले.

आबा डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "सुई चालू ठेवा, साहेब."

"आबा, मी बहिरा होईन."

"बहिरं पोरगं वावरात चालतंय. मेलेलं कुठंच चालत न्हाई."

मी खूप बोललो. लिहिण्यासारखं नाही. म्हणालो, तुमच्या टाळावर लिहिलं म्हणून सूड उगवताय. आबा ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी माझी बंडी वर केली, लहान पोराची करतात तशी, आणि मला धरून ठेवलं. माझ्यात तेवढी ताकद नव्हती. सुई झाल्यावर तेच घाम पुसत बाकावर बसले.

१५ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला दिनकररावांकडे गेलो. ते आता माझ्या डाव्या बाजूला येऊन, शब्द तोडून बोलतात. मी म्हटलं, टाळांच्या लेखाची दुरुस्ती छापायची आहे.

ते म्हणाले, "मुद्रणदोष म्हणू." मी म्हटलं, एवढा मोठा मुद्रणदोष कसा होईल? "मग गैरसमजातून लिहिलं असं म्हणू." मी म्हटलं, तसं दोघातिघांनी माणिकरावांना सांगून झालं. ते म्हणतात, पोरगं बापाच्या दबावाखाली शब्द फिरवतंय. कारण लिहिल्याशिवाय समिती मंडळाला परत घेणार नाही.

दिनकरराव बराच वेळ आपट्याची पानं चाळवत बसले. मग म्हणाले, "कारण छापलं की औरंगाबाद संपलं. हे तुला कळतंय ना? इथे कुणाला कळायचं कारण नाही. एक तारखेला तू पुढे बस, माणसं बघ, वाद्यं बघ. मी तुझ्या शेजारी बसून सांगत जाईन काय चाललंय ते. तुझी भाषा आणि माझा कान. अरे, पुष्कळ लोक असंच लिहितात."

मला मोह पडला, हे लिहून ठेवतो. घरी येईपर्यंत मी तो लेख अर्धा मनात रचलाही होता, आणि चांगला रचला होता. तीच भीती वाटली. न ऐकता मला इतकं चांगलं लिहिता येतं.

२१ ऑक्टोबर

छापलं. चार ओळी, माझ्या नावानं. झरीच्या टाळकऱ्यांनी त्या दिवशी टाळ चोख वाजवले होते. प्रस्तुत लेखकाला क्षयाच्या औषधामुळे बहिरेपण आले आहे आणि ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. तंबोऱ्याविषयी लिहिलेलेही मागे घेतो. 'प्रस्तुत लेखकाला' खोडून 'मला' करावं असं वाटत होतं. धीर झाला नाही.

गल्लीला आता अशक्तपणाचं खरं नाव कळलं. दोन बायकांनी आत्याकडून शिवायला टाकलेले कपडे परत नेले.

२४ ऑक्टोबर

माणिकराव स्वतः झरीला जाऊन मंडळाला पुन्हा आमंत्रण देऊन आले. औरंगाबादनं दुसरा माणूस घेतला. दिनकररावांनी मला बाजारभावाचं पान दिलं. ज्वारी, कापूस, सरकी. ते ऐकावं लागत नाही, मोंढ्यातल्या फळ्यावर लिहिलेलं असतं.

आज सुई होती. आता काय जातं ते दोन दिवसांनी कळतं.

२८ ऑक्टोबर

आत्याचे ओठ हलतात. ती जवळ येऊन ओरडते तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा दिसतात. मी तिला म्हटलं, ओरडू नको, खुणा कर. ती पदरात तोंड घालून बसली. कानातला सूर मात्र चालू आहे, दिवसरात्र, एकाच पट्टीत. मी त्याला तंबोरा म्हणायचो. तो थांबावा म्हणून आज डोकं भिंतीवर आपटून घेतलं. थांबत नाही.

१ नोव्हेंबर

समारंभ झाला. दिवाळी तोंडावर, मैदान माणसांनी भरलेलं, पताका, भाषणं. भाषणं ऐकू आली नाहीत, त्यात माझं काही नुकसान झालं नाही.

मी मृदंगाच्या अगदी समोर बसलो. दिनकरराव शेजारी येऊन बसू लागले, मी त्यांना नको म्हटलं. झरीचं मंडळ उभं राहिलं. थाप पडली ती भुईतून बुडाला कळली. तेवढंच आता येतं. बाकी मी बघत होतो.

आबांचे हात मी पहिल्यांदाच इतके नीट बघितले. बोटं वाकडी झालीत, नांगरानं. त्या बोटांत टाळाची दोरी कशी फिरते, मनगट कुठं सैल सोडतात, सम यायच्या आधी खांदा किंचित कसा उचलतात. ऐकू येत होतं तेव्हा मी हे कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे हात एका वेळी मिटत होते, एका वेळी उघडत होते. मैदान डोलत होतं.

आणि मग आबा चुकले. सगळे हात मिटले आणि आबांचे मागाहून मिटले. त्यांनी सावरलं. थोड्या वेळानं पुन्हा चुकले. शेजारच्या टाळकऱ्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत लिंबाजी टाळकरी समेवर चुकल्याचं कुणी सांगणार नाही. मला आधी कारण कळेना. मग दिसलं. ते मृदंगाकडे बघत नव्हते, शेजाऱ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती. पोराला काही ऐकू येतंय का, हे बघत ते वाजवत होते.

मी मान डोलवायला लागलो. बाकीची माणसं डोलत होती त्यांच्याकडे बघून, त्यांच्याबरोबर. त्यानंतर आबा चुकले नाहीत.

भजन संपल्यावर ते घामानं भिजलेले माझ्यासमोर येऊन बसले. आजवर त्यांनी मला भजनाचं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. ओठांवरून कळलं. "कसं झालं?"

मी म्हटलं, "चोख."

आबांनी मान हलवली आणि टाळ उपरण्यात बांधायला घेतले. गाठ त्यांना बराच वेळ बसेना, मग मी बांधून दिली.